मदत हवी आहे: कुडकुडायचा हुकूम स्नायूंपर्यंत पोचतो कसा?

मंडळी, जीवशास्त्र आणि मी दहावीनंतर वेगळे झालो. पोटापाण्याला हिशेब लिहितो. लेक बारावीला आहे, तिचा साडेसहाचा क्लास आणि सोडायला मी. परवा म्हात्रे पुलावर नदीकडून असा गार वारा आला की मागे तिचे दात वाजायला लागले. तिचं हेल्मेट माझ्या हेल्मेटवर टकटक आपटत होतं. "बाबा, मी मुद्दाम थांबवून बघते," म्हणाली. श्वास रोखला, अंग ताठ केलं. चार-पाच आकडे मोजेपर्यंत टकटक बंद, की पुन्हा सुरू.

तिचा प्रश्न असा: हातापायाचे स्नायू आपल्या मर्जीतले, मग कुडकुडणं मर्जीतलं का नाही? पुस्तकात 'हायपोथॅलॅमस (मेंदूतला एक भाग) तापमान राखतो' एवढ्यात उरकलंय.

रात्री बसून वाचलं. कातडीतल्या चेतातंतूंवर थंडी ओळखणारे टीआरपीएम८ नावाचे ग्राहक (रिसेप्टर) असतात. पुदिन्याच्या गोळीतलं मेंथॉल त्यांनाच फसवतं, म्हणून तोंड गार लागतं. (स्पर्श आणि तापमानाच्या ग्राहकांवरच्या कामाला 2021 चं नोबेल मिळालं, डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापूटियन यांना.) ही खबर मज्जारज्जूतून हायपोथॅलॅमसच्या पुढच्या भागात, प्रीऑप्टिक एरियात जाते. इथून पुढे माझी गाडी पंक्चर. तिथल्या पेशी 'तापवा' म्हणून ओरडतात का? आणि न कुडकुडताही स्नायू तापतात असं वाचलं, ते कसं? जाणकारांनी कान धरावा, पण समजेल असं सांगावं.

डॉक्टरीणबाई: शरीरक्रियाशास्त्र शिकवते, म्हणून लिहिते. ओरडत नाहीत, उलट गप्प करतात. प्रीऑप्टिक भागातल्या उष्णता ओळखणाऱ्या पेशी एरवी ब्रेकवर पाय ठेवून असतात. थंडीची खबर आली की तो पाय उचलला जातो. मग हायपोथॅलॅमसचाच मागचा भाग, डॉर्सोमेडियल, मोकळा होतो आणि मेंदूच्या बुंध्यातल्या राफे पेशींना जागं करतो. तिथून मज्जारज्जूत, आणि तिथल्या प्रेरक पेशींमार्फत स्नायूंना झटके.

तुमच्या लेकीचं उत्तर इथेच आहे. शेवटची तार तीच, जिच्यावरून आपण हात हलवतो. वर मालक दोन. म्हणून ती चार-पाच आकडे थांबवू शकली, पण दुसरा मालक चिकट निघाला. कुडकुडताना काम काहीच होत नाही, त्यामुळे जळलेली जवळजवळ सगळी ऊर्जा उष्णता होते. जोरात कुडकुडलं तर शरीराची उष्णतानिर्मिती विश्रांतीच्या चौपट-पाचपट जाऊ शकते.

धागाकर्ता: दोन मालक, एक नोकर! आमच्या ऑफिसात रोज हेच चालतं, लगेच कळलं. न हलता तापणं मात्र अजून डोक्यावरून जातंय.

डॉक्टरीणबाई: स्नायूपेशीत कॅल्शियम परत कोठारात ओढणारा एक पंप असतो, सर्का. सार्कोलिपिन नावाचं छोटं प्रथिन त्याला चिकटलं की पंप एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, जाळतो, पण कॅल्शियम पुरतं आत जात नाही. हापसा हापसायचा, घामाघूम व्हायचं आणि कळशी रिकामीच. वाया गेलेलं ते सगळं म्हणजे उष्णता. 2012 साली उंदरांवर दाखवलं गेलं: सार्कोलिपिन नसलेल्या उंदरांची तपकिरी चरबीही (थंडीत उष्णता देणारी) काढली, तर 4 अंश थंडीत त्यांना शरीराचं तापमान टिकवता आलं नाही.

हायपोथॅलॅमसचा यातही हात दिसतो, आणि मला हाच भाग फार आवडतो. शिकारी प्राण्याचा नुसता वास आला तरी उंदराचे स्नायू तापतात. भीतीच्या या तयारीत व्हेंट्रोमेडियल भागातल्या पेशींचं नाव येतं. इथे निरोप कुडकुडण्याच्या तारेवरून नाही, सिंपथेटिक चेतासंस्थेतून, म्हणजे आपल्या मर्जीत नसलेल्या तारांवरून, जातो.

भरत नाट्यच्या मागे: मग तापात अंग भाजत असताना हुडहुडी का भरते?

डॉक्टरीणबाई: संसर्गात तयार होणारं प्रोस्टाग्लँडिन ई२ नावाचं रसायन त्याच प्रीऑप्टिक पेशींना गप्प करतं. मेंदूला 38 अंश कमी वाटायला लागतात, ब्रेक सुटतो, गोधडी मागितली जाते. पॅरासिटामॉल प्रोस्टाग्लँडिन घटवतं, म्हणून नंतर दरदरून घाम.

धागाकर्ता: मनापासून आभार. लेकीला वाचून दाखवलं. आता विचारतेय, आत्येबहिणीचं तान्हं बाळ थंडीत कधी कुडकुडताना का दिसत नाही?

डॉक्टरीणबाई: त्याची शेगडी दोन खांद्यांच्या मधे असते, तपकिरी चरबीची. पण त्यासाठी नवीन धागा काढा, मला ओपीडीला पळायचंय.