बी विंगमधलं कटर मशीनचं काम : सोसायटी ग्रुपवरील चर्चा, जुळे सोलापूर

बी-३०४ वहिनी : दुसऱ्या मजल्यावर सकाळपासून कटर चालू आहे. जिन्यात नुसती धूळ. सासऱ्यांना दम्याचा त्रास आहे हो. थोडं थांबवता येईल का?

बी-२०१ : वहिनी, ओट्याचं ग्रॅनाइट कापतायत, नंतर वायरिंगसाठी भिंतीत झिऱ्या (लांब खाचा) मारायच्यात. दार लावून घ्यायला सांगतो.

ए-१०३ काका : दार लावलं तर जिना वाचेल. आत मशीन धरलेल्या पोराचं काय? आत्ताच वर जाऊन बघून आलो. माझी सगळी नोकरी साइटवर गेली, म्हणून सविस्तर लिहितो. सगळ्यांनी वाचा.

पोरानं तोंडाला रुमाल बांधलाय आणि उकडतंय म्हणून पंखा लावलाय. ग्रॅनाइट, वीट, काँक्रीट सगळ्यांत सिलिका असते. कोरडं कापलं की तिची जी सगळ्यात बारीक पूड उडते ती डोळ्यांना दिसत नाही, तासन्‌तास हवेत राहते आणि रुमालातून सरळ आत जाते. अशी वर्षानुवर्षं गेली की सिलिकोसिस, म्हणजे या धुळीनं होणारा फुप्फुसाचा आजार. एकदा झाला की फुप्फुस पूर्ववत होत नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमात हा आजार सरकारला कळवायच्या यादीत होता. पण फ्लॅटमधल्या कामाला कोण विचारायला येतो? आपणच विचारायचं.

कापताना ब्लेडवर पाण्याची बारीक धार पाहिजे. बाटलीच्या झाकणाला भोक पाडून दुसऱ्यानं धरली तरी चालते. धूळ तिथंच बसते. एन-९५ मास्क तरीही लागतोच. संध्याकाळी नव्या पेठेत जाणार आहे, चार-पाच आणतो.

बी-१०२ : काका, उजनीचं पाणी इतक्या दिवसांआड येतंय. टाकीतलं कटरला द्यायचं?

ए-१०३ काका : टाकीतलं कशाला, आरओचं वाया जाणारं भरून ठेवा की. मी माझ्याकडची बादली देतो.

मात्र पाणी आलं की विजेचं बघायलाच पाहिजे. तिथं प्लग तोडून वायरची टोकं काडी खोचून सॉकेटात घातलीत. ते आधी बंद करा. या मशीनला बहुधा दोनच पिना असतात, इन्सुलेशन दुहेरी असतं, अर्थिंगची वायर नसते. आत पाणी शिरलं तर भरवसा ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीचा, म्हणजे करंट गळला की वीज तोडणाऱ्या स्विचचा. बी-२०१, तुमच्या डीबीत (विजेच्या मुख्य पेटीत) ती आहे का? टेस्टचं बटण दाबा, खटकन पडली पाहिजे.

बी-२०१ : बघितलं काका. पडली. प्लग आणायला माणूस पाठवलाय.

ए-१०३ काका : छान. आता गार्ड, म्हणजे ब्लेडवरचं झाकण. तो काढून कोपऱ्यात ठेवलाय, "रेघ दिसत नाही" म्हणाला. ४ इंची ब्लेड मिनिटाला १२-१३ हजार फेरे घेतं. कडेचा वेग ताशी २५० किलोमीटरच्या घरात जातो. तुकडा उडाला तर डोळा मिटायलाही वेळ मिळत नाही. गार्ड आणि चष्मा दोन्ही पाहिजेत, आणि ब्लेडवर छापलेला वेग मशीनच्या वेगापेक्षा कमी नसावा.

मशीन जरा तिरकं झालं, ब्लेड चिरेत आवळलं, की ते झटक्यात मागं उसळतं. म्हणून झिरी एका दमात खोल मारायची नाही, दोन-तीनदा फिरवायचं. ब्लेडच्या रेषेत उभं राहायचं नाही. मशीन दोन्ही हातांत, आणि पूर्ण वेग घेतल्यावरच भिंतीला टेकवायचं. घोडीवर चढून लॉकचं बटण दाबून एका हातानं तर अजिबात नको. आणि सुतार आला की याच मशीनला लाकडाचं दातेरी ब्लेड लावतात, ते माझ्यासमोर होऊ देणार नाही.

बी-२०२ : काका, आमची हॉलची भिंत त्यांच्याशी सामाईक आहे.

ए-१०३ काका : मग त्या भिंतीत तुमच्याही वायरी असू शकतात, झिरी मारताना तुमचाही त्या बाजूचा एमसीबी (त्या लाइनचा स्विच) पाडून ठेवा. त्यांनी मशीन दुसऱ्या खोलीच्या लाइनवर चालवावं.

बी-३०४ वहिनी : धूळ झाडायची कशी?

ए-१०३ काका : ओल्या फडक्यानं पुसा. कोरडा झाडू मारला की परत हवेत.

बी-२०१ : एसीचा पाइप कोपऱ्यातल्या कॉलममधून न्यायचा म्हणतायत. थोडीच खाच आहे.

ए-१०३ काका : कॉलमला आणि बीमला कटर लागणार नाही. आतली सळई कापली तर वरचे दोन मजले त्याच्यावर आहेत. पाइप भिंतीतून वळवा, मी खाली येतोय, खूण करून देतो.