भट्टीवरची उचल फिटत नाही. ही वेठबिगारी ठरते का?

रानवाट:
भिवंडी तालुक्यातल्या एका वीटभट्टीवर मुरबाडकडची कातकरी जोडी आहे. गणपतीत ३०,००० उचल घेतली. आठवड्याला खर्ची मिळते, हिशेब पावसाच्या तोंडावर. गेल्या हंगामाचे पैसे अंगावर राहिले म्हणून यंदा पुन्हा तीच भट्टी. सोडतो म्हटलं की मालक म्हणतो, आधी उचल फेडा. पण कुलूप नाही, मारहाण नाही, बाजाराला जाऊ देतात. वेठबिगारी म्हणता येईल? सर्वोच्च न्यायालयाचा बंधुआ मुक्ती मोर्चाचा निकाल इथे लागतो का? आणि अर्ज कुठे द्यायचा?

कोर्टनाका:
म्हणता येईल. कुलूप लागतच नाही. १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याची व्याख्या बघा: उचलीच्या बदल्यात किमान वेतनाइतकी मजुरी, दुसरीकडे काम धरायची मोकळीक, हवं तिथे जायची मोकळीक किंवा आपला माल बाजारभावाने विकायचा हक्क, यातलं एक जरी गेलं तरी पुरे. इथे दुसरीकडे काम धरायची मोकळीक उघडच गेलेली आहे.

१९८२ च्या एशियाड खटल्यात (दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या बांधकामावरच्या मजुरांचा) सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. भगवतींनी किमान वेतनापेक्षा कमी पैशांत करून घेतलेलं काम म्हणजे घटनेच्या कलम २३ खालची सक्तीची मजुरी, असं ठरवलं. १६ डिसेंबर १९८३ चा बंधुआ मुक्ती मोर्चाचा निकाल त्याच्यापुढे गेला. सक्तीची मजुरी दिसली की ती उचलीपोटीच आहे असं न्यायालय गृहीत धरेल. नाही म्हणायचं तर मालकाने किंवा सरकारने सिद्ध करावं. मजुराकडे चिठ्ठी नसते, वही मालकाच्या गल्ल्यात असते, म्हणून हे गृहीतक लाखमोलाचं.

तेव्हा आधी मजुरीचा हिशेब मांडा. समजा हजार विटांना ७०० रुपये आणि आठवड्याला ६,००० विटा, म्हणजे ४,२००. सहा दिवस, दोन माणसं, तर माणशी ३५० रोज. पण पोरगी विटा पलटत असेल तर तीन माणसं, आणि रोज २३३ वर येतो. पहाटे किती वाजता चिखल तुडवायला उठतात तेही लिहा. हा आकडा किमान वेतनाशी ताडून अर्जात घाला.

जुना कारकून:
अर्ज भट्टी ज्या हद्दीत आहे तिथल्या प्रांताधिकाऱ्यांकडे, प्रत ठाण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांना. आवक क्रमांक घेतल्याशिवाय हलू नका. (गाव आणि भट्टी दोन्ही ठाणे जिल्ह्यात आहेत हे बरं. भट्टी पनवेल-उरणकडे असती तर सुटका रायगडच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि पुनर्वसन ठाण्यात, म्हणजे फाइल दोन जिल्ह्यांत फिरली असती.)

बहुतेक प्रकरणं पुढच्या गोष्टींवर आपटतात. अर्जात "मजुरी थकली" एवढंच लिहिलं की कागद कामगार कार्यालयात जातो, तडजोड होते, वेठबिगारीची नोंद होतच नाही. उचलीचा आकडा, महिना आणि "सोडू देत नाहीत" ही तीन वाक्यं पहिल्या परिच्छेदात हवीत. जबाब भट्टीवर मालकासमोर झाले तर माणसं फिरतात. ते दुसऱ्या जागी, एकेकट्याने घ्या असं लेखी मागा. आणि मुक्तीचा दाखला, म्हणजे वेठबिगारीतून सुटल्याचा कागद! जोडीचा हिशेब नवऱ्याच्या नावावर असतो म्हणून दाखलाही त्याच्या एकट्याच्या नावाने निघतो. बायकोचा, राबणाऱ्या मुलाचा वेगळा दाखला मागा. केंद्राच्या पुनर्वसन योजनेत पुरुषाला १ लाख, स्त्रीला आणि मुलाला २ लाख आहेत. तातडीची मदत ३०,००० पर्यंत, ती खटल्याच्या निकालासाठी अडवता येत नाही. पूर्ण रक्कम मात्र वेठबिगारी सिद्ध होण्यावर लटकते.

रानवाट:
मालकाने उचलीसाठी दावा लावला तर?

कोर्टनाका:
१९७६ च्याच कायद्याचं कलम ६: कर्ज संपलं, दावा चालत नाही. तरी लावलाच, तर मजुराच्या बाजूने लढणं हे त्याच कायद्याखालच्या दक्षता समितीचं काम आहे. उलट आता त्याने वसुली घेतली तर कलम ९ खाली तोच अडकतो. हा कायदा एकटा लावू नका, त्यातले गुन्हे जामीनपात्र आहेत. कातकरी अनुसूचित जमातीत येतात, त्यामुळे मालक त्या जाती-जमातींबाहेरचा असेल तर ॲट्रॉसिटीचं कलम ३(१)(ज) लागतं. तिथे अटकपूर्व जामिनाला आडकाठी आहे.

खाडीकाठ:
थोडं अवांतर. १८५७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने स्वातंत्र्यासाठी दावा लावणाऱ्या ड्रेड स्कॉट या गुलामाला ७ विरुद्ध २ मतांनी सांगितलं की तू नागरिकच नाहीस, दावा कसला लावतोस? मुख्य न्यायाधीश टेनी. तो दरवाजा १८६८ च्या तिथल्या घटनेच्या चौदाव्या दुरुस्तीने उघडला. आपल्या कलम २३ मध्ये "नागरिक" हा शब्दच नाही, त्यामुळे भट्टीवर नेपाळचा माणूस असला तरी संरक्षण तेच. बंधुआ मुक्तीत तर मजूर स्वतः आलेच नव्हते, एका संघटनेचं पत्रच याचिका म्हणून घेतलं. त्यामुळे रानवाट, अर्ज तुमच्या सहीने दिलात तरी चालेल.

जुना कारकून:
चालेल. फक्त हंगाम संपायच्या आत द्या. भट्टी विझली की माणसं पाड्यावर जातात, आणि पंचनाम्याला जागेवर नुसती राख उरते.