खासदारानं कोणत्या विधेयकावर काय मत दिलं, हे नेमकं कुठं बघायचं?

वाचनालय_विटा
सांगलीचे खासदार विशाल पाटील २०२४ला अपक्ष निवडून आले आणि त्यांनी काँग्रेसला पाठिंबा दिला, म्हणजे ते विरोधी बाजूला आहेत. दर अधिवेशन संपलं की त्यांच्या लोकसभेतल्या कामाचा एक पानी तक्ता वाचनालयाच्या फलकावर लावायचा आहे. पीआरएस या संसदेच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर हजेरी, प्रश्न, चर्चेतला सहभाग मिळतो. मतदान मिळत नाही. प्रत्येक विधेयकापुढं ‘बाजूनं’ किंवा ‘विरोधात’ असा रकाना ठेवायचा विचार आहे. ही माहिती कुठून घ्यायची? आणि यादीत नाव नसेल तर ‘गैरहजर’ लिहिलं तर चालेल का? फलक सगळ्या पक्षांची माणसं वाचतात, चुकीचं काही जायला नको.

कृष्णाकाठ
‘गैरहजर’ अजिबात लिहू नका. आणि प्रत्येक विधेयकापुढं मत लिहिण्याचा रकानाही काढून टाका, कारण तो बहुतेक रिकामा राहील. बहुतांश विधेयकं आवाजी मतदानानं मंजूर होतात. अध्यक्ष ‘हो’ आणि ‘नाही’चा आवाज ऐकून निर्णय देतात, कुणाचं नाव कुठंच नोंदलं जात नाही. नावं नोंदली जातात ती फक्त मतविभाजनात, म्हणजे प्रत्येक सदस्याचं मत वेगळं मोजतात तेव्हा, आणि ते कुणीतरी सभागृहात मागावं लागतं. घटनादुरुस्तीला विशेष बहुमत लागतं म्हणून तिथं ते होतंच.

मतविभाजन मागितलं तरी नावं मिळतीलच असं नाही. लोकसभेच्या नियम ३६७ नुसार मागणी विनाकारण आहे असं अध्यक्षांना वाटलं, तर ते सदस्यांना जागेवर उभं करून नुसती मोजणी करू शकतात. त्या मोजणीत नावं नोंदत नाहीत.

शोधायचा क्रम असा ठेवा. संसद डॉट इनवर लोकसभेच्या भागात आधी ‘बुलेटिन भाग १’ उघडा. दिवसभराच्या कामकाजाची ती त्रोटक नोंद असते. मतविभाजन झालं असेल तर बाजूच्या आणि विरोधी मतांचे आकडे तिथं दिसतात. ते दिसले, की मगच त्या तारखेचं संपूर्ण चर्चावृत्त (सभागृहातल्या बोलण्याची शब्दशः नोंद) उतरवून घ्या. नावांची यादी त्यात असते: ‘आयेज’ म्हणजे बाजूनं, ‘नोज’ म्हणजे विरोधात, ‘अ‍ॅब्स्टेन’ म्हणजे तटस्थ. यादीत आडनाव आधी येतं, त्यामुळं ‘विशाल’ शोधत बसण्यापेक्षा ‘पाटील’ शोधा आणि पुढचं पूर्ण नाव ताडून बघा.

एकाच विधेयकावर एकाहून जास्त मतविभाजनं होऊ शकतात. मांडायला परवानगी द्यावी का, विचारात घ्यावं का, अमुक सुधारणा स्वीकारावी का, आणि शेवटी मंजूर करावं का, यातल्या कुठल्याही टप्प्यावर. वक्फ दुरुस्ती विधेयकावर २ एप्रिल २०२५ला सुरू झालेली चर्चा मध्यरात्र उलटून गेली आणि २८८ विरुद्ध २३२ असं मतदान झालं. त्याच बैठकीत विरोधकांच्या सुधारणांवरही मतविभाजन झालं होतं. विरोधी खासदाराचं ‘हो’ सुधारणेला असतं आणि ‘नाही’ विधेयकाला. यादीवरचा मथळा न वाचता नाव उचललं, तर फलकावर बरोबर उलटं जाईल.

टीव्हीवरचे आकडे घेऊ नका. १७ डिसेंबर २०२४ला ‘एक देश, एक निवडणूक’ची घटनादुरुस्ती मांडताना यंत्रानं आधी २२० आणि १४९ दाखवले. नंतर यंत्राऐवजी कागदी चिठ्ठीवर दिलेली मतं धरून २६९ विरुद्ध १९८ झाले. पहिल्या आकड्यावर थांबलेल्यानं जवळजवळ शंभर खासदारांना मतदान न केलेले ठरवलं असतं. अध्यक्ष निकाल सांगताना ‘दुरुस्तीच्या अधीन’ म्हणतात ते याचसाठी. छापील यादीखालच्या तळटीपाही वाचा, चिठ्ठीनं दिलेली मतं तिथं दाखवलेली असतात.

आता नाव तिन्ही रकान्यांत नसेल तर? खासदार दिल्लीतच नसेल, सभागृहाबाहेर असेल, सभात्याग केला असेल किंवा निलंबित असेल. यादी या चारही गोष्टी सारख्याच दाखवते. चर्चावृत्तात मतदानाच्या आधीची पानं वाचा. सभात्याग झाला असेल तर कंसात ओळ असते, ‘या वेळी अमुक आणि इतर काही माननीय सदस्य सभागृहाबाहेर गेले’ अशा अर्थाची. नाव बहुधा एकाच नेत्याचं असतं, बाकीचे ‘इतर काही’. म्हणून तुमच्या खासदाराबद्दल त्यावरूनही खात्रीनं सांगता येत नाही. फलकावर ‘नोंद नाही’ लिहा, आणि त्या दिवशी सभात्याग झाला असेल तर तेवढं पुढं जोडा.

विरोधकांच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं आहे. १० ऑगस्ट २०२३चा अविश्वास ठराव विरोधकांनीच आणलेला, पण मतदानाआधी ते बाहेर गेले आणि ठराव आवाजी मतदानानं फेटाळला गेला. म्हणजे त्यांच्याच ठरावावर त्यांच्या एकाचंही मत नोंदलेलं नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दोन्ही सभागृहांतले मिळून १४६ विरोधी खासदार निलंबित झाले आणि फौजदारी कायद्यांची तिन्ही विधेयकं त्याच काळात मंजूर झाली. त्या अधिवेशनाची हजेरी टक्केवारीत मांडणं म्हणजे धडधडीत अन्याय आहे.

मिरज_जंक्शन
मतदानाचं वरती सविस्तर आलंय. प्रश्नांचं सांगतो, कारण विरोधी खासदाराचं खरं काम तिथं जास्त दिसतं.

लोकसभेत एका दिवसाच्या यादीत २० तारांकित (तोंडी उत्तराचे) आणि २३० अतारांकित (लेखी उत्तराचे) प्रश्न येतात, निवड सोडतीनं होते. एका खासदाराचे दिवसाला जास्तीत जास्त पाच, त्यात तारांकित एकच. प्रश्न पाठवला आणि सोडतीत आला नाही, तर तो यादीत दिसत नाही. म्हणून ‘अमुक इतके प्रश्न विचारले’ न लिहिता ‘इतके प्रश्न यादीत आले’ असं लिहा.

सारख्या विषयाचे प्रश्न एकत्र करतात आणि वर पाच-दहा खासदारांची नावं येतात. असा प्रश्न प्रत्येकाच्या खात्यावर एक म्हणून पडतो. पीडीएफ उघडली की लगेच कळतं. तक्त्यात ‘एकट्याचा’ आणि ‘सामायिक’ असे दोन आकडे द्या.

शीर्षकावर विसंबू नका. शीर्षकं सरधोपट असतात, ‘द्राक्ष उत्पादकांना मदत’ अशा छापाची. तासगावच्या बेदाण्याचा, अलमट्टी धरणाच्या उंचीचा किंवा हळदीचा उल्लेख आत प्रश्नाच्या (अ) (ब) (क) भागांत असतो. मंत्र्यांच्या उत्तरात ‘माहिती गोळा केली जात असून पटलावर ठेवली जाईल’ असं असेल, तर ते आश्वासन धरलं जातं आणि तीन महिन्यांत पुरं करायचं असतं. शासकीय आश्वासन समिती त्यावर लक्ष ठेवते. अशा प्रश्नांपुढं तारीख टाकून ठेवा आणि पुढच्या अधिवेशनात परत बघा. हे कुणीच करत नाही, खरं तर सगळ्यात उपयोगी तेच आहे.

चर्चेच्या आकड्याबद्दल एक. चर्चेचा वेळ पक्षांच्या संख्याबळावर वाटतात. अपक्षाच्या वाट्याला शेवटची दोन-चार मिनिटं आली तरी खूप. त्यामुळं मोठ्या पक्षाच्या खासदाराशी विधेयकांवरच्या भाषणांची तुलना लावू नका. शून्य प्रहर (तातडीचे विषय मांडायची वेळ) आणि नियम ३७७ खालचे (इतर नियमांत न बसणारे) विषय वेगळे मोजा. ३७७ खाली एका खासदाराला आठवड्यात एकच विषय मिळतो, आणि स्थानिक प्रश्न बहुतेक तिथंच येतात.

वाचनालय_विटा
फार उपयोग झाला. मत रकान्याऐवजी ‘झालेली मतविभाजनं’ अशी वेगळी छोटी यादी करतो. एक शंका राहिली: अपक्षाला व्हिप लागू होतो का? काँग्रेससोबत मत दिलं, तर ‘पक्षादेश पाळला’ असं लिहायचं का?

कृष्णाकाठ
नाही. दहाव्या अनुसूचीतला (पक्षांतरबंदीचा कायदा) व्हिपचा नियम पक्षाच्या तिकिटावर निवडून आलेल्याला. अपक्षाला व्हिप नाही; निवडणुकीनंतर तो कुठल्याही पक्षात दाखल झाला तर मात्र अपात्र ठरतो. पाठिंबा देणं आणि दाखल होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून सांगलीच्या खासदाराचं प्रत्येक नोंदलेलं मत कायद्यानं त्याचं स्वतःचं आहे. उलट पक्षाच्या खासदाराचं मत व्हिप असताना पक्षाचं धरावं, त्यावरून त्या माणसाची भूमिका ठरवू नये.

माणदेशी
सातारा-सांगलीत हे करणाऱ्यांनी मतदारसंघ आधी नीट बघा. इस्लामपूर आणि शिराळा जिल्ह्यानं सांगलीत, पण लोकसभेला हातकणंगल्यात. आमचं माण आणि फलटण साताऱ्यात, पण लोकसभेला माढ्यात. हातकणंगल्याचे धैर्यशील माने शिवसेनेचे, सत्ताधारी. माढ्याचे धैर्यशील मोहिते-पाटील राष्ट्रवादी शरद पवार गटाचे, विरोधी. नुसतं ‘धैर्यशील’ टाकून शोधलं की दोघं येतात आणि मतं नेमकी विरुद्ध असतात. मोहिते-पाटलांना ‘मोहिते’ आणि ‘पाटील’ अशा दोन्ही अक्षरांखाली शोधा.

आमदारांचा तक्ता करायचा असेल तर अपेक्षा आणखी कमी ठेवा. विधानसभेत ‘पोल’ मागितला तरच मोजणी. ४ जुलै २०२२च्या विश्वासदर्शक ठरावाला शिरगणती झाली, १६४ विरुद्ध ९९, असे प्रसंग विरळा. तिथं तारांकित प्रश्न आणि लक्षवेधी सूचनाच बघा.

मिरज_जंक्शन
समित्या राहिल्याच. पीआरएसची हजेरी सभागृहाची आहे, आणि तीही दिवसाला एकदाच नोंदलेली: दहा मिनिटं बसून गेलेलाही त्या दिवशी हजर. मंत्री आणि विरोधी पक्षनेते हजेरी नोंदवत नाहीत, त्यांची टक्केवारी शोधू नका. समितीची हजेरी हवी असेल तर समितीचा अहवाल उघडा. शेवटी बैठकांची कार्यवृत्तं जोडलेली असतात आणि प्रत्येकात उपस्थितांची नावं असतात. संयुक्त समितीच्या अहवालाला विरोधी सदस्यांच्या असहमतीच्या टिपणी जोडतात. सभागृहात आवाजी मतदान झालं असलं, तरी समितीवर असलेल्या विरोधी खासदाराचं म्हणणं तिथं सहीनिशी मिळतं.

खासदार निधी या पानावर घेऊ नका, तो संसदेतल्या कामाचा भाग नाही. आणि तक्त्याखाली ‘अमुक तारखेपर्यंतच्या नोंदींवरून’ असं लिहा. चर्चावृत्त आधी असंशोधित येतं, नंतर दुरुस्त होतं. अधिवेशन संपल्यावर तीनएक आठवडे थांबून मग फलक लावा.