मदत हवी आहे : अंदाज स्पर्धेत गुण कोणत्या पद्धतीने द्यावेत?

नमस्कार. ठाण्यात नौपाड्यात मी नववीच्या मुलांसाठी अंदाज वर्तवण्याची स्पर्धा घेते. "उद्या २० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडेल का?" अशा प्रश्नांना मुले टक्केवारीत उत्तर देतात आणि हवामानतज्ज्ञ ग्लेन ब्रायर यांनी १९५० मध्ये मांडलेल्या पद्धतीने, म्हणजे वर्तवलेली शक्यता आणि प्रत्यक्ष निकाल (घडले तर १, नाही तर ०) यांतील फरकाचा वर्ग करून, मी गुण देते, गुण जितके कमी, तितका अंदाज चांगला. ९० टक्के सांगूनही तसे घडले नाही, तर ०.८१, ५० टक्के सांगणाऱ्याला काहीही झाले तरी ०.२५.

अडचण अशी, की बक्षीस फक्त पहिल्या क्रमांकाला असल्यामुळे काही मुले मनातला आकडा सोडून मुद्दाम टोकाचा लिहितात, कारण प्रश्न थोडे असले की असे धाडस करणाऱ्यांपैकीच कोणीतरी पहिला येतो. एका मुलीने वहीत ७० खोडून १०० केलेले पाहून मला फार वाईट वाटले. तिचा पहिला आकडाच प्रामाणिक होता. लॉगरिदमच्या पद्धतीत, म्हणजे जे घडले त्याला दिलेल्या शक्यतेचा लॉगरिदम घेऊन गुण दिले तर, शंभर टक्के सांगून चुकल्यास दंड अनंत होतो, पण नववीला ते झेपेल असे वाटत नाही. बक्षीस बंद करावे, की प्रश्न वाढवून वर्षभराची सरासरी धरावी? कोणी वर्गात हे केले असल्यास कृपया सविस्तर लिहावे.