राधानगरी ते चांदोली पट्ट्याचा वन्यजीव डेटा फुकट कुठं मिळतो?

दाजीपूरचा_पाहुणा:
नमस्कार मंडळी, एमएस्सीचं शेवटचं वर्ष आहे आणि प्रोजेक्ट घेतलाय राधानगरी ते चांदोली पट्ट्यावर, म्हणजे मधलं गगनबावडा, विशाळगडाकडचं जंगल कुठं सलग आहे आणि कुठं तुटलंय ते नकाशावर दाखवायचंय. गाईड म्हणतात आधी डेटा आण मग बोलू. एका ऑफिसात दोनदा हेलपाटा झाला, पहिल्यांदा साहेब नव्हते, दुसऱ्यांदा कॉलेजच्या लेटरहेडवर अर्ज आणा म्हणाले. फील्डसाठी पैसे नाहीत. अभयारण्याची हद्द, गव्याच्या आणि पक्ष्यांच्या नोंदी, जंगलाचा नकाशा, एवढं घरबसल्या मिळंल का? ईबर्ड, म्हणजे लोक दिसलेले पक्षी नोंदवतात ती वेबसाइट, उघडून बघितलं तर दाजीपूरला ठिपकेच ठिपके आणि आत आडवाटेला शुकशुकाट, म्हणजे तिकडं पक्षीच नाहीत असं लिहू का 😅

सड्यावरचा_टिटवा:
भावा तसं लिहू नको, व्हायवात सोलून काढतील. ठिपका म्हणजे तिथं माणूस गेला होता एवढंच, आणि माणूस जातो तिथं गाडी जाते. ईबर्डचा पूर्ण डेटा फॉर्म भरला की अभ्यासासाठी फुकट देतात, त्यात प्रत्येक यादीला किती वेळ बघितलं, किती अंतर चाललं, दिसलेले सगळे पक्षी लिहिले का हे पण असतं. पूर्ण याद्याच घे, मग 'पक्षी नाही' आणि 'कोणी गेलंच नाही' यातला फरक थोडा तरी धरता येतो.

बाकी प्राण्यांसाठी जीबीआयएफ, म्हणजे जगभरच्या जीवांच्या नोंदी एकत्र ठेवणारी वेबसाइट, तिथं आयनॅचरलिस्टच्या (लोक फोटोसह नोंदी टाकतात ते ॲप) पक्क्या झालेल्या नोंदी पण येतात. पण एक घोळ सांगतो, मी स्वतः यात दोन आठवडे घालवलेत. धोक्यातल्या जातींचं ठिकाण आयनॅचरलिस्ट मुद्दाम झाकतं, शिकाऱ्याला कळू नये म्हणून, साधारण वीसेक किलोमीटरच्या चौकोनात ठिपका कुठंही टाकतं. म्हणून माझे गवे ऊसाच्या फडात आणि एक तर चक्क धरणाच्या पाण्यात उभा होता. जुन्या नोंदींना कधीकधी नुसतं जिल्ह्याचं नाव असतं, ते ठिपके सगळे एकाच जागी जमतात. ठिकाणाची अचूकता मीटरमध्ये सांगणारा कॉलम असतो, तो बघून चाळण लाव, कॉलम रिकामा असेल तर ती नोंद बाजूलाच ठेव. आणि डाउनलोडचा डीओआय (त्या डेटाचा कायमचा ओळख क्रमांक) जपून ठेव, थिसिसमध्ये तोच द्यायचा असतो.

खोडवा_पाटील:
मी शेतकरी माणूस पण नकाशाचा नाद आहे, म्हणून जंगलाच्या नकाशाबद्दल बोलतो. भारतीय वन सर्वेक्षणाच्या अहवालात 'वनाच्छादन' म्हणजे एक हेक्टरपेक्षा मोठी आणि १० टक्क्यांहून जास्त झाडोऱ्याची कुठलीही जमीन, मालक कोण का असेना. मग आमच्या आजरा-चंदगडातल्या काजूच्या बागा पण वनात धरल्या जातात की! आकडा वाढला म्हणून जंगल वाढलं असं नाही.

उलट सडे. जांभा दगडाचं पठार, पावसाळ्यात फुलांनी भरतं, बेडूक-सापांचं घरच, पण जमीन वापराच्या नकाशात बऱ्याचदा ते पडीक नाहीतर खडकाळ म्हणून रंगवलेलं असतं. भुवनवर (इस्रोचं नकाशांचं पोर्टल) १:५०,००० चा नकाशा आहे तो घे, पण सडे स्वतः हातानं आखून घे.

आणि सेंटिनेल-२ या उपग्रहाची चित्रं फुकट आहेत, १० मीटरची. एकच चित्र घेऊ नको. ऑक्टोबरात ऊस आणि रान दोन्ही हिरवंगार, तोड झाली की ऊसाचं रान उघडं पडतं. डिसेंबर ते मे सगळे महिने लावून बघ, ज्याचा रंग सारखा बदलतो ते शेत. जून-सप्टेंबर विसर, नुसते ढग.

कागदपत्र_काका:
हद्दीसाठी राजपत्र बघ. इको-सेन्सिटिव्ह झोनच्या (अभयारण्याभोवतीचा संरक्षित पट्टा) अधिसूचनांना गावांची यादी आणि नकाशावरच्या बिंदूंचे अक्षांश-रेखांश जोडलेले असतात, तेवढ्यावर हद्द आखता येते. आणि हो, राधानगरीचं क्षेत्रफळ एकीकडं ३५१.१६ चौ.किमी दिसंल आणि २०१२ च्या जागतिक वारशाच्या यादीत २८२.३५, गोंधळू नको, आकड्याशेजारी कागद कुठला ते लिही.

पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचा जुलै २०२४ चा मसुदा आहे, त्यात तालुकावार गावं आहेत. खाण, रस्ता, धरण कुठं येऊ घातलंय ते परिवेश पोर्टलवर (केंद्राचं पर्यावरण मंजुरीचं), प्रस्तावांसोबत नकाशाच्या फायली पण असतात, बॉक्साइट शोधून बघ. तुटलेपणाचा प्रोजेक्ट असेल तर मला वाटतं हेच सगळ्यात कामाचं. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता नोंदवह्या पण असतात, २००२ च्या कायद्याखाली, पण वाचून मगच विश्वास ठेव, काहींत शेजारच्या दोन गावांची यादी शब्दानं शब्द तीच असते.

ऑफिसात हेलपाटे बंद कर, माहिती अधिकाराचा अर्ज टाक, १० रुपये फी आणि ३० दिवसांची मुदत. नुसतं 'गव्याचा डेटा द्या' लिहिलंस तर काहीच हाती येणार नाही. पीक नुकसानभरपाईची गावनिहाय, महिनानिहाय प्रकरणं माग, शेतकऱ्यांची नावं नकोत म्हणून लिही. गवा कुठल्या गावात कधी उतरतो हे त्या पंचनाम्यांइतकं दुसरीकडं कुठं मिळायचं नाही.

दाजीपूरचा_पाहुणा:
काका नाद खुळा!! पंचनाम्याचं डोक्यातच आलं नव्हतं. पण भरपाई मागितली नाही ते गाव पण रिकामंच दिसणार ना, ईबर्डसारखंच?

खोडवा_पाटील:
दिसणारच. आमच्या भावकीत निम्मे लोक अर्जच करत नाहीत, तलाठ्याकडं कोण जाणार म्हणून. गव्यानं ऊस मोडला तरी गप बसतात. ते प्रोजेक्टमध्ये लिही आणि जमलं तर दोन-चार गावांत स्वतः विचार, एसटीचं भाडं तेवढं लागंल.