घरी बांधलेला ६एल६ गिटार अ‍ॅम्प पहिल्यांदा चालू करायचाय, बायसचा क्रम बरोबर आहे का?

इंदिरानगर_टेली

नमस्कार मंडळी. फेंडर बेसमन ५एफ६-ए च्या सर्किटवर गिटारचा ट्यूब अ‍ॅम्प बांधून झालाय. अजून वीज दिलेली नाही.

पॉवर ट्रान्सफॉर्मर सातपूरला वाइंड करून घेतला. प्रायमरी २३० व्होल्ट, सेकंडरी ३२५-०-३२५, हीटरसाठी ६.३ व्होल्ट ५ अँपिअर, रेक्टिफायरसाठी ५ व्होल्ट ३ अँपिअर आणि बायससाठी (पॉवर ट्यूबच्या ग्रिडला, म्हणजे करंट आवरणाऱ्या जाळीला, दिलेलं ऋण व्होल्टेज) ५० व्होल्टचं वेगळं वाइंडिंग. आउटपुट ट्रान्सफॉर्मर ४.२ के ते ८ ओहम. ट्यूबमध्ये रेक्टिफायरला जीझेड३४ एक, पॉवरला ६एल६जीसीची जोडी, प्रीअ‍ॅम्पला १२एएक्स७ दोन, १२एवाय७ एक. फिल्टर कंडेन्सर सगळे ४७ मायक्रोफॅरड ४५० व्होल्टचे. मूळ सर्किटमध्ये बायस ठरलेला असतो, मी तिथे पॉट घातलाय.

माझा बेत असा: सगळ्या ट्यूब लावायच्या, डिमरस्टॅटने शून्यापासून हळूहळू २३० पर्यंत न्यायचं, आणि सर्किटच्या कागदावर लिहिल्याप्रमाणे ग्रिडवर उणे ४८ व्होल्ट लावून मोकळं व्हायचं. यात काही चुकतंय का? स्पीकर १२ इंची ८ ओहमचा आहे. मीटर साधा डिजिटल, ६०० व्होल्ट कॅट थ्री.

वाइंडिंग_नाशिकरोड

आधी कंडेन्सर बदला, मग बाकीचं बोलू.

३२५ व्होल्ट एसीचं शिखर ४६० व्होल्ट डीसी होतं. सेकंडरीचे हे ३२५ पूर्ण लोड असतानाचे. पॉवर ट्यूब काढलेल्या असताना ट्रान्सफॉर्मरवर लोड नसतो, त्यामुळे सेकंडरीच पाच ते दहा टक्के वर जाते. त्यात रात्री उशिरा मेन २४५ ला गेली, तर आकडा सहज ५०० च्या पुढे. ४५० व्होल्टचे कंडेन्सर तिथे तापतात, फुगतात, तोंड उघडून आतला द्रव बाहेर फेकतात. पहिल्या दोन जागांवर (रेक्टिफायरनंतर आणि चोक या फिल्टरच्या कॉइलनंतर) १०० मायक्रोफॅरड ३५० व्होल्टचे दोन-दोन सिरीजमध्ये लावा. म्हणजे ५० मायक्रोफॅरड ७०० व्होल्ट. प्रत्येकावर समांतर २२० के, २ वॉटचा रेझिस्टर हवाच, नाहीतर व्होल्टेज दोघांत सारखं वाटलं जात नाही. हाच रेझिस्टर अ‍ॅम्प बंद केल्यावर कंडेन्सर रिकामेही करतो, साधारण दोन मिनिटांत. प्रीअ‍ॅम्पच्या जागांवर ५०० व्होल्टचे घाला. पहिला कंडेन्सर ५० पेक्षा फार वाढवू नका, जीझेड३४ ची मर्यादा ६० मायक्रोफॅरड आहे. हल्लीच्या उत्पादनातली जीझेड३४ जुन्यांइतकी दणकट नसते, म्हणून तिच्या दोन्ही प्लेटच्या वायरीत एकेक १एन४००७ सिरीजमध्ये टाका. ट्यूब आतून शॉर्ट झाली तरी ट्रान्सफॉर्मर वाचतो.

डिमरस्टॅटचा बेत सोडा. जीझेड३४ चं हीटर गरम झाल्याशिवाय ती चालतच नाही. म्हणजे अर्ध्या व्होल्टेजपर्यंत एचटी (ट्यूबना लागणारं उच्च डीसी व्होल्टेज) जवळजवळ शून्य, आणि मग एकदम उडी. हळूहळू चढवल्याचं समाधान मिळतं, संरक्षण काहीच मिळत नाही. शिवाय डिमरस्टॅट म्हणजे ऑटोट्रान्सफॉर्मर. तो मेनपासून वेगळं करत नाही.

त्याऐवजी सिरीज बोर्ड बनवा: एक होल्डर, एक ६ अँपिअरचं सॉकेट, फेजच्या वायरीत पिवळा फिलामेंट बल्ब. ट्यूब नसताना ६० वॉटचा, ट्यूब लावल्यावर १०० वॉटचा. एलईडी बल्ब इथे निरुपयोगी आहे. थंड फिलामेंटचा रेझिस्टन्स कमी असतो आणि तापल्यावर तो कितीतरी पटीने वाढतो, सगळी किमया त्याचीच. अ‍ॅम्पमध्ये शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि सगळं व्होल्टेज स्वतःवर घेतो.

पंचवटी_अर्थिंग

वरच्यात भर. घराची वायरिंग आधी तपासा, विशेषतः जुन्या वाड्यात किंवा भाड्याच्या खोलीत असाल तर. बऱ्याच बोर्डांत वरची मोठी पिन नुसती शोभेला असते. सॉकेटमध्ये फेज ते न्यूट्रल आणि फेज ते अर्थ हे दोन्ही आकडे जवळपास सारखे यायला हवेत, न्यूट्रल ते अर्थ फार तर दोन-चार व्होल्ट. तसं नसेल तर वायरमनला बोलवा आणि अ‍ॅम्प तोवर बाजूला ठेवा. समोरून बघताना फेज उजवीकडे असते. अ‍ॅम्पमध्ये ती आधी फ्यूजकडे, मग स्विचकडे जाऊ द्या. फ्यूज १.६ अँपिअर स्लो-ब्लो. एचटीच्या सेंटर टॅपमध्ये (वाइंडिंगच्या मधल्या वायरीत) आणखी एक ५०० मिलिअँपिअरचा घातलात तर उत्तम.

जुन्या अमेरिकन सर्किटात मेनपासून चासीला जोडलेला एक कंडेन्सर आणि ग्राउंड स्विच दिसेल. तो भाग बांधलाच असेल तर कापून टाका. तो कंडेन्सर शॉर्ट झाला की चासीवर, म्हणजे थेट गिटारच्या तारांवर फेज येते. थ्री पिन प्लगची अर्थ वायर चासीला स्वतंत्र बोल्टने, दात असलेल्या वॉशरसकट कसा. प्लगच्या अर्थ पिनपासून चासीपर्यंत एक ओहमच्या आत वाचन हवं.

आरसीसीबी (अर्थकडे गळती दिसताच वीज तोडणारा स्विच) आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. एचटी सेकंडरीवर आहे. तुम्ही ४३० व्होल्ट आणि चासी यांच्यामध्ये सापडलात तर मेनकडे कुठलीच गळती दिसत नाही आणि आरसीसीबी ढिम्म हलत नाही. मीटरची काळी क्लिप चासीला लावून ठेवा, लाल प्रोब एकाच हाताने धरा, दुसरा हात पाठीमागे. पायात कोरडी रबरी चप्पल. बोटात अंगठी, मनगटात कडं नको. आत हात घालण्याआधी दर वेळी प्लग काढून पहिल्या कंडेन्सरवर मीटर लावा. १० व्होल्टच्या खाली गेलेलं डोळ्यांनी बघा. राहिलंच असेल तर ४.७ के, १० वॉटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपने लावून उतरवा. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडायची सवय वाईट.

वाइंडिंग_नाशिकरोड

आता क्रम. स्पीकर किंवा ८ ओहम ५० वॉटचा डमी लोड पहिल्यापासून जोडलेला असू द्या. लोडविना सिग्नल गेला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीवर प्रचंड व्होल्टेज उसळतं आणि इन्सुलेशन फुटतं. फीडबॅकची वायर (आउटपुटचा थोडा सिग्नल मागे नेणारी) मात्र सध्या सोडून ठेवा, कारण पुढे येईल.

एक: कुठलीही ट्यूब न लावता, ६० वॉटच्या बल्बवर. बल्ब क्षणभर चमकून जवळजवळ विझला पाहिजे. पेटलेलाच राहिला तर बंद करून सेकंडरीच्या वायरी सुट्या करा आणि शॉर्ट कुठे आहे ते शोधा. हीटरवर साधारण ६.५ ते ७ व्होल्ट दिसतील, लोड आल्यावर ते ६.३ ला बसतात.

दोन: याच अवस्थेत दोन्ही ६एल६ सॉकेटच्या ५ नंबर पिनवर ऋण व्होल्टेज मोजा. हे मिळाल्याशिवाय पॉवर ट्यूबला हात लावायचा नाही. पॉट फिरवून साधारण उणे ३८ ते उणे ५८ अशी रेंज मिळावी. दोन्ही पिनवर आकडा सारखा हवा. एकीवर शून्य असेल तर त्या बाजूचा २२० के चा रेझिस्टर किंवा त्याचा सोल्डरचा डाग सुटलाय. दोन्हीकडे शून्य असेल तर बायसचा डायोड किंवा कंडेन्सर उलटा आहे. इथे कंडेन्सरचं धन टोक चासीला जातं आणि सवयीने नेमकं उलटं लागतं. पॉट अशा रीतीने जोडा की त्याचा सरकता पाय सुटला तर व्होल्टेज जास्त ऋण होईल. पॉट सगळ्यात ऋण टोकाला नेऊन ठेवा.

तीन: जीझेड३४ आणि प्रीअ‍ॅम्पच्या ट्यूब लावा, ६एल६ अजून नाहीत. एचटी चढल्यावर ५ नंबर पिन पुन्हा मोजा. आधीच्या आकड्यापेक्षा एखाद व्होल्टहून जास्त फरक पडला आणि तो धन दिशेला असेल, तर फेज इन्व्हर्टरकडून (दोन पॉवर ट्यूबना एकमेकांच्या उलट सिग्नल देणारा भाग) येणारा, डीसी अडवणारा ०.१ मायक्रोफॅरडचा कपलिंग कंडेन्सर गळतोय. नवी जोडी लावून पाच मिनिटांत प्लेट लाल होण्याचं हे नेहमीचं कारण आहे आणि बहुतेक लोक ही पायरीच गाळतात.

चार: ६एल६ लावा, १०० वॉटचा बल्ब. तो मध्यम पेटेल, ते बरोबर आहे. प्लेटवर लाल डाग दिसतोय का ते खोलीतला दिवा मालवून बघा. काही नसेल तर बल्ब काढून थेट मेनवर जा. बल्ब असताना बायस लावू नका, सगळीच व्होल्टेज खोटी असतात. साध्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवरही नको. त्याचं शिखर साइन वेव्हसारखं नसतं, त्यामुळे एचटी आणि हीटर दोन्ही वेगळेच येतात.

गंगापूररोड_ओम

करंट मोजायला प्रत्येक ६एल६ च्या ८ नंबर पिन आणि चासी यांच्यामध्ये १ ओहम, एक टक्क्याचा, १ वॉटचा रेझिस्टर आत्ताच टाकून घ्या. जितके मिलिव्होल्ट तितके मिलिअँपिअर. मेन रोड-एमजी रोडच्या दुकानांत १ ओहम एक टक्क्यात नाही मिळाला तर १० ओहमचा चालेल, वाचनाला १० ने भागा. प्लेट आणि ट्रान्सफॉर्मर यांच्यामध्ये मीटर अँपिअरवर घालून मोजायची जी पद्धत सांगतात ती घरी करू नका. प्रोब निसटला तर ४३० व्होल्टचा शॉर्ट हातात येतो.

इंदिरानगर_टेली

कंडेन्सर बदलले, ८ नंबरवर १ ओहम टाकले, सांगितलेल्या क्रमाने आलो. बायसची रेंज उणे ३९ ते उणे ५९. कपलिंग कंडेन्सर ठीक. आता थेट मेनवर, मेन २३८:

प्लेट (३ नंबर पिन) ४३८ व्होल्ट, ग्रिड उणे ५०. एका ट्यूबवर ३१ मिलिव्होल्ट, दुसरीवर ३६. आवाज थोडा कोरडा येतोय. कागदातल्या उणे ४८ वर आणू का? आणि दोन ट्यूबमधला हा फरक चालेल का?

वाइंडिंग_नाशिकरोड

कागदावरचा ४८ विसरा. तो त्या काळच्या ट्यूबचा, त्या ट्रान्सफॉर्मरचा आकडा. एकाच ग्रिड व्होल्टेजवर दोन ६एल६ वेगवेगळा करंट ओढतात, हे तुमच्याच मीटरवर दिसतंय. लावायचा असतो तो प्लेटचा वॉटेज.

६एल६जीसीची मर्यादा ३० वॉट. तुमच्या ट्यूब आत्ता ४३८ × ०.०३१ म्हणजे १३.६ वॉट आणि ४३८ × ०.०३६ म्हणजे १५.८ वॉटवर आहेत. अनुक्रमे ४५ आणि ५३ टक्के. ही थंड बाजू, म्हणून हळू वाजवताना क्रॉसओव्हरची (सिग्नल एका ट्यूबकडून दुसरीकडे जाताना होणारी) खरखर येते आणि आवाज कोरडा वाटतो. ७० टक्के म्हणजे २१ वॉट ही एबी वर्गातल्या (दोन ट्यूब सिग्नल वाटून घेतात अशा) अ‍ॅम्पची वरची हद्द समजा. ती गाठलीच पाहिजे असं काही नाही. मी ६० ते ६५ वर थांबायला सांगेन. आपल्याकडे मेन वर गेली की प्लेट आणि करंट दोन्ही सरकतात, थोडी जागा राखलेली बरी. ट्यूबही जास्त टिकतात.

पॉट अगदी थोडा फिरवा, अर्धा मिनिट थांबा, मग प्लेट आणि करंट दोन्ही परत मोजा. करंट वाढला की प्लेट खाली येते, म्हणून एकदाच गणित करून चालत नाही. ४३० च्या आसपास प्लेट धरली तर जास्त ओढणाऱ्या ट्यूबवर ४५ मिलिव्होल्टच्या वर जाऊ नका: ४३० × ०.०४५ म्हणजे १९.४ वॉट. दुसरी ४० वर येईल. ८ नंबर पिनवरच्या आकड्यात स्क्रीनचा (ट्यूबमधल्या दुसऱ्या जाळीचा) थोडा करंटही धरलेला असतो, म्हणजे प्लेटवरचं खरं वॉटेज याहून किंचित कमीच. पंधरा-वीस मिनिटं गरम होऊ द्या आणि शेवटचं वाचन तेव्हा घ्या.

पाच मिलिअँपिअरचा फरक चालतो. तरी एकदा बंद करून, थंड करून दोन्ही ट्यूबची अदलाबदल करा. फरक ट्यूबबरोबर सरकला तर ट्यूबचा, सॉकेटवरच राहिला तर तुमच्या रेझिस्टरचा किंवा डागाचा. आकडा स्थिर न राहता नाचत असेल, आवाज बंद असूनही वाढत असेल, तर ते ऐकू न येणारं ऑसिलेशन (अ‍ॅम्पने स्वतःच सिग्नल तयार करणं) असतं. ५ नंबर पिनवर १.५ के आणि ४ नंबरवर ४७० ओहम थेट सॉकेटवरच बसवलेत ना ते बघा, आणि प्लेटच्या वायरी प्रीअ‍ॅम्पच्या ग्रिडपासून लांब घ्या.

गंगापूररोड_ओम

आता फीडबॅकची वायर. व्हॉल्यूम शून्यावर ठेवून जोडा. आवाज किंचित कमी आणि नेटका झाला तर दिशा बरोबर. अ‍ॅम्प किंचाळला तर लगेच बंद करा आणि दोन्ही ६एल६ च्या ३ नंबर पिनवरच्या ट्रान्सफॉर्मर वायरी एकमेकींच्या जागी लावा. स्थानिक वाइंडिंगवर वायरींचे रंग ठरलेले नसतात, म्हणून हे आधी कळत नाही. मूळ सर्किटमध्ये फीडबॅक २ ओहमच्या टॅपवरून २७ के मधून येतो. तुमच्या ८ ओहम टॅपवर व्होल्टेज दुप्पट, म्हणून तोच परिणाम हवा असेल तर ५६ के.

इंदिरानगर_टेली

किंचाळला, वायरी अदलाबदल केल्या, आता शांत. प्लेट ४२९, ४० आणि ४५ मिलिव्होल्ट. जोडी अदलाबदल केल्यावर फरक ट्यूबबरोबरच गेला. एक बारीक घुंई राहिलीय, व्हॉल्यूम शून्यावरही.

पंचवटी_अर्थिंग

घुंई ५० हर्ट्झची की १०० ची ते आधी ठरवा, फोनवरचं कुठलंही स्पेक्ट्रम अ‍ॅप पुरेल. ५० असेल तर हीटर: ६.३ च्या वाइंडिंगला सेंटर टॅप नसेल तर दोन्ही टोकांपासून चासीला १०० ओहम अर्ध्या वॉटचे दोन रेझिस्टर लावा आणि हीटरच्या वायरी पिळून चासीच्या कोपऱ्यातून न्या. १०० असेल तर फिल्टर: पहिल्या कंडेन्सरची आणि एचटी सेंटर टॅपची ग्राउंड वायर आधी एकमेकांना जोडून मगच चासीला न्या, इनपुटच्या ग्राउंडपासून दूर. पॉवर ट्यूबमधला पाच मिलिअँपिअरचा फरकही थोडी १०० हर्ट्झची घुंई सोडतो.

आणि बोर्ड फायबरचा असेल तर पावसाळ्यात बायस पुन्हा मोजा. ओल धरलेला फायबर एचटीच्या आयलेटपासून शेजारच्या ग्रिडपर्यंत गळती करतो. बोर्डच्या रिकाम्या जागेवर लाल प्रोब टेकवून काही व्होल्ट दिसले तर बोर्ड ओला आहे. प्लग काढून, कंडेन्सर उतरवून हेअर ड्रायरने कोमट हवा द्या आणि परत मोजा. तरीही दिसत असतील तर तो बोर्ड काढून ग्लास इपॉक्सीचा घाला.