दर 15 मिनिटांनी चालणारं टास्क मध्येच पडलं तर? रीट्राय वाढवायचे की लॉक लावायचं?

प्रश्न

जँगो (पायथनची वेब चौकट) ॲप, मागे कामं चालवणारी सेलेरी, ब्रोकर (कामांची रांग सांभाळणारा) रेडिस, डेटाबेस पोस्टग्रेस. सेलेरी बीटवर (ठरल्या वेळी टास्क सोडणारा भाग) एक टास्क दर 15 मिनिटांनी चालतं: मागच्या 15 मिनिटांत बदललेल्या ऑर्डर्स काढायच्या, बाहेरच्या पेमेंट एपीआयला एकेकीची स्थिती विचारायची, पैसे जमा झाले असतील तर पावती करून ईमेल पाठवायची. सगळं एकाच फंक्शनमध्ये, एकाच लूपमध्ये.

एपीआयने मध्येच 503 (सेवा तात्पुरती बंद) दिला की फंक्शन तिथेच थांबतं आणि पुढच्या ऑर्डर्स राहून जातात. रीट्राय (चुकलं की पुन्हा प्रयत्न) लावले तर काही ग्राहकांना एकच पावती दोनदा जाते. ऑर्डर्स जास्त असल्या की 15 मिनिटांत काम उरकत नाही आणि दुसरी प्रत सुरू होते. रीट्राय वाढवू, लॉक (एका वेळी एकच प्रत चालू देणारं) लावू, की दोन्ही? शिवाय टास्क चाललंच नाही, हे कळणार कसं?

उत्तर 1

रीट्रायला इतक्यात हात लावू नका. खरी गडबड "मागच्या 15 मिनिटांत बदललेल्या" या अटीत आहे. बीट 40 मिनिटं बंद राहिला, तर मधल्या ऑर्डर्स पुढच्या कुठल्याच फेरीत सापडणार नाहीत, आणि एररही येणार नाही. फेरी किती वाजता सुटली यावर काम ठरता कामा नये. काय बाकी आहे ते टेबलानेच सांगितलं पाहिजे.

ऑर्डरच्या टेबलात तीन कॉलम वाढवा: पुढची तपासणी केव्हा, आतापर्यंत किती प्रयत्न, शेवटची एरर कोणती. मग फेरी इतकंच विचारते: स्थिती प्रलंबित आहे आणि पुढच्या तपासणीची वेळ उलटून गेली आहे, अशा ऑर्डर्स कोणत्या? एखादी फेरी चुकली तर पुढची फेरी ते काम आपोआप उचलते.

आता लूप फोडा. बीटवरचं टास्क फक्त वाटप करेल. एका ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळे बदल एकत्र, नाहीतर एकही नाही) 500 ओळी 'फॉर अपडेट स्किप लॉक्ड' (दुसऱ्याने धरलेल्या ओळी वगळून) लावून उचलायच्या, त्यांची पुढची तपासणी आत्तापासून 30 मिनिटं पुढे ढकलायची, कमिट (बदल पक्के) करायचं आणि मगच प्रत्येक ऑर्डरचं छोटं टास्क रांगेत टाकायचं. जँगोमध्ये यासाठी ट्रान्झॅक्शनचा 'ऑन कमिट' आहे. कमिटआधी रांगेत टाकलं तर वर्कर (टास्क चालवणारी प्रोसेस) डेटाबेसच्या पुढे धावतो आणि जुनीच ओळ वाचतो. कमिट झालं आणि रांगेत टाकण्याआधीच प्रोसेस मेली, तरी बिघडत नाही. 30 मिनिटांनी त्या ओळी पुन्हा बाकी दिसतील. छोट्या टास्कला फक्त आयडी द्या. अख्खा ऑब्जेक्ट दिला तर टास्क चालेपर्यंत तो शिळा झालेला असतो.

दुहेरी पावतीवर उपाय डेटाबेसमध्येच आहे: पावतीच्या टेबलावर ऑर्डर आयडीचं युनिक बंधन (एका ऑर्डरची एकच ओळ). ईमेलचं मात्र स्पष्ट सांगतो. "पाठवली" आणि "पाठवली अशी नोंद केली" यांच्या मध्ये प्रोसेस मरू शकते, त्यामुळे नेमकी एकदाच जाईल अशी हमी तुमच्या बाजूने देता येत नाही. नोंद आधी केली तर क्वचित ईमेल बुडेल, नंतर केली तर क्वचित दोनदा जाईल. पावतीसाठी मी दुसरा पर्याय घेईन. ईमेल सेवा आयडेम्पोटन्सी की (तीच विनंती पुन्हा आली हे ओळखण्याची खूण) घेत असेल तर ती ऑर्डर आयडीवरून बनवा. प्रत्येक प्रयत्नाला नवी यूयूआयडी (यादृच्छिक आयडी) दिली तर त्या कीचा काहीच उपयोग नाही.

उत्तर 2

वरच्याशी सहमत. रीट्रायबद्दल भर घालतो, कारण सेलेरीचे डीफॉल्ट इथे दगा देतात.

'रीट्राय बॅकऑफ' (दर प्रयत्नाआधी दुप्पट थांबा) नुसता चालू केला तर थांबे 1, 2, 4 सेकंदांचे होतात, आणि कमाल रीट्राय डीफॉल्टने 3. म्हणजे जास्तीत जास्त सात सेकंदांत सगळे प्रयत्न संपले! जिटर (थांब्यातला यादृच्छिक फरक) डीफॉल्टने चालू असतो आणि तो शून्यापासून त्या आकड्यापर्यंत कुठलाही थांबा निवडतो, त्यामुळे प्रत्यक्षात अजून कमी. दहा मिनिटं बंद पडलेल्या एपीआयपुढे याचा काय उपयोग? बॅकऑफला 30 द्या आणि रीट्राय 5 करा: 30, 60, 120, 240, 480 सेकंद, मिळून फार तर साडेपंधरा मिनिटं. वाटपाची 30 मिनिटांची मुदत यापेक्षा मोठी आहे, ती तशीच राहू द्या. जिटर बंद करू नका, नाहीतर नुकत्याच सावरलेल्या एपीआयवर सगळी टास्कं एकाच क्षणी तुटून पडतील.

तासाभराहून लांबचा थांबा मात्र सेलेरीच्या काउंटडाउनने (टास्क इतक्या सेकंदांनी चालवा) देऊ नका. रेडिस ब्रोकरचा व्हिजिबिलिटी टाइमआउट (वर्करच्या पोचेची वाट बघण्याची मुदत) डीफॉल्टने 1 तास असतो. तेवढ्यात पोच मिळाली नाही तर तोच मेसेज दुसऱ्या वर्करला जातो. लांबचे थांबे टेबलातल्या 'पुढची तपासणी'वर सोडा.

सरसकट 'एक्सेप्शन'वर, म्हणजे कुठल्याही एररवर, रीट्राय नको. टाइमआउट, तुटलेलं कनेक्शन, 502, 503, 504 (सर्व्हरची तात्पुरती अडचण) आणि 429 (फार विनंत्या) यांवर करा. 429 बरोबर 'रीट्राय आफ्टर' हेडर आला तर तो पाळा. 400 आणि 422 (विनंतीच चुकीची) कितीही वेळा पाठवले तरी तेच उत्तर येणार. 401 (ओळख नाकारली) आला तर एपीआयची की बदलली किंवा तिची मुदत संपली आहे, अख्खं वाटप थांबवा.

आणि पायथनची रिक्वेस्ट्स लायब्ररी (एपीआयला विचारायला वापरतात ती) स्वतःहून टाइमआउट लावत नाही. कनेक्टला 5 सेकंद, रीडला 20 द्या. टास्कला सॉफ्ट मर्यादा (आवरतं घेण्याची सूचना) 60 सेकंद, हार्ड (थेट बंद) 90.

उत्तर 3

या रचनेत वेगळं लॉक लागत नाही, स्किप लॉक्ड तेच काम करतं. रेडिसवर मुदतीचं लॉक ठेवलं तर मुदत संपूनही जुनी प्रत चालू राहू शकते, म्हणजे दोन प्रतींचा प्रश्न जागच्या जागीच. बीटची मात्र एकच प्रत चालतेय ना ते बघा. वेब कंटेनरमध्येच बीट घातला असेल तर कंटेनर वाढवले तितके बीट. वाटपाच्या टास्कला 14 मिनिटांची 'एक्स्पायर्स' मुदत द्या. वर्कर बंद असताना शिळ्या फेऱ्या साचत नाहीत.

डीफॉल्टने सेलेरी टास्क सुरू होण्याआधीच पोच देते, म्हणून मेमरी संपून वर्कर मेला की टास्क गेलं. 'अ‍ॅक्स लेट' (पोच काम झाल्यावर) आणि 'रिजेक्ट ऑन वर्कर लॉस्ट' (वर्कर मेला तर मेसेज परत रांगेत) चालू केले तर ते परत येतं. पण मेमरी तेच टास्क खात असेल तर ते दर वेळी वर्करला मारून पुन्हा येत राहील. म्हणून 'प्रयत्न'चा आकडा टास्कच्या सुरुवातीलाच वाढवून कमिट करा. एरर हाताळणाऱ्या कोडमध्ये वाढवला तर अशा मरणात तो वाढतच नाही.

प्रश्नकर्ता

वाटप आणि छोटं टास्क वेगळं करायला घेतलंय. सोडून कधी द्यायचं? आणि शेवटचा प्रश्न राहिला: बंद पडलंय हे कळणार कसं?

उत्तर 1

वाटपाच्या 3 फेऱ्यांनंतरही एररच येत असेल तर स्थिती "हाताने बघा" करा. कमाल प्रयत्न 18 धरा, कारण एका फेरीत मूळ प्रयत्न आणि 5 रीट्राय असे 6 होतात. एपीआयने नीट "अजून प्रलंबित" म्हटलं तर ते अपयश नव्हे. आकडा शून्य करा. ॲडमिनमध्ये त्यांची यादी, शेवटची एरर आणि "पुन्हा चालवा" बटण हवं. ते बटण नसलं की लोक थेट डेटाबेसमध्ये अपडेट मारतात.

कळण्यासाठी दोन अलार्म. वाटप यशस्वी झालं की बाहेरच्या मॉनिटरला पिंग ("चालू आहे" असा छोटा संदेश). 35 मिनिटं पिंग नाही तर अलार्म, म्हणजे लागोपाठ दोन फेऱ्या चुकल्या. मॉनिटर त्याच सर्व्हरवर ठेवू नका. दुसरा जास्त महत्त्वाचा: वेळ उलटलेल्यांपैकी सगळ्यात जुनी तपासणी किती उशिरा आहे? तासाच्या वर गेली की अलार्म. वाटप वेळेवर होतंय पण काम पुढे सरकत नाही, हे फक्त यातूनच दिसतं.

उत्तर 3

लाइव्ह करण्याआधी स्टेजिंगवर (चाचणीच्या सर्व्हरवर) टास्क चालू असताना अख्खा वर्कर 'किल -9' ने (प्रोसेस तत्काळ मारणारी आज्ञा) मारा. रेडिसवर त्याचा मेसेज तासाभराने परततो, तोवर टेबलाने तीच ऑर्डर पुन्हा वाटलेली असते. म्हणून छोट्या टास्कची पहिली ओळ हीच ठेवा: ऑर्डर अजून प्रलंबित आहे का? नसेल तर तिथूनच परत.